मिश्रीच्या डब्या झाडाला

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. ऱ्हस्व-दीर्घाचं तर मला कधी कळलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात पेन्सिलीच्या जागी विळा आला, पुढे नोकरीत सुरी आली. विळा आणि सुरी मी नीट धरते, पेन मात्र अजून बोटांतून निसटतं. जे शब्द अडले ते पिशव्यांवर, पाट्यांवर, जिथे सापडले तिथून बघून लिहिलेत. कागद जुन्या कॅलेंडरचे आहेत, त्यामुळे मधेच एखादी एकादशी पलीकडून उमटलेली दिसेल. तिच्याकडे बघू नये.

हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. चार माणसांत मला बोलता येत नाही, तोंड उघडलं की आवाजच बसतो. परवा सून म्हणाली, "आई, तुम्ही इतकी वर्षं सुप्याला जात होता, तिथं नेमकं करत काय होता?" मी म्हणाले, "फळं चिरत होते." ती हसली. तिला वाटलं, मी टाळते आहे. खरं तर मी फळंच चिरत होते. पण का चिरत होते, हे तिला उभ्या उभ्या सांगता आलं नाही, म्हणून बसून लिहिते.

सुप्याच्या एमआयडीसीत एक लॅब आहे. केडगावहून आम्ही पाच-सहा जणी रोज सकाळी गाडीने जायचो. तिथे फळांवर आणि फळांत फवारणीचं विष किती उरलंय ते मोजतात. आमच्याकडे त्या विषाला कुणी विष म्हणत नाही, औषधच म्हणतात. फवारलं की ते ऊन-वाऱ्याने हळूहळू उतरतं. ठरलेले दिवस थांबून फळ तोडलं तर उरत नाही, घाई केली तर उरतं. शेतकरी त्याला रेसिड्यू म्हणतात. ज्या व्यापाऱ्याला माल परदेशी पाठवायचा असतो, तो आधी लॅबचा कागद मागतो.

मोजणारं यंत्र आतल्या थंड खोलीत होतं. तिथे मी जात नसे. दसऱ्याला त्याची पूजा व्हायची तीसुद्धा दाराबाहेरून, एक झेंडूचं फूल ठेवून. उदबत्ती नाही, हळदीकुंकू नाही. त्या यंत्राचं नाक इतकं तिखट की उदबत्तीचा धूरही त्याला कळतो, असं मॅडम म्हणायच्या. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या मुख्य. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण मला "इंदूमावशी" म्हणून अहो-जाहो करायच्या.

यंत्राला किती बारीक दिसतं, हे त्यांनी मला एकदा मिठावर समजावलं होतं. बारीक मिठाचा एक कण घ्यायचा, त्याचे पाच-सहा तुकडे करायचे आणि त्यातला एक तुकडा किलोभर फळांत टाकायचा. तेवढं जरी सापडलं तरी काही देशांत माल नापास. त्या दिवसापासून मी स्वयंपाकात मीठ टाकताना हाताकडे बघते.

माझी खोली नमुन्याची. शेतातून फळं सील केलेल्या पिशवीत यायची. पिशवीवर नाव नसे, फक्त नंबर. कुणाची फळं ते आम्हाला कळू नये म्हणून. पिशवी उघडायची, देठ काढायचे आणि न धुता चिरायचं. नवीन आलेली प्रत्येक बाई पहिल्या दिवशी फळं घेऊन नळाकडे निघते. घरी जन्मभर तेच केलेलं असतं ना. तिला धरून परत आणावं लागतं, कारण धुतलं तर जे मोजायचं तेच वाहून जाणार. मग प्रत्येक फळाच्या चार फोडी. समोरासमोरच्या दोन घ्यायच्या, दोन बाजूला ठेवायच्या. झाडावर फळाची एक बाजू फवाऱ्याकडे असते, एक पानांकडे. दोन्ही यायला हव्यात. त्या फोडींत धूर ओकणारा कोरडा बर्फ घालून यंत्रात फिरवलं की पिठीसाखरेसारखी भुकटी होते. थोडी भुकटी नळीत जाते, थोडी बर्फात जपून ठेवतात, पुढे भांडण झालं तर परत बघायला. एक नमुना झाला की सुरी, पाट, भांडं सगळं घासून पुढचा. सुरी तशीच राहिली तर एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी बसतं.

सुरीइतकंच आम्हाला आमचं अंगही जपावं लागे. वासाचं तेल नाही, मेंदी नाही, पावडर नाही. घरात डासांची कॉईल लावायची नाही, तिचा धूर कपड्यांत राहतो. कामाला लागले तेव्हा मॅडमनी विचारलं होतं, "तंबाखू खाता का?" मी मान हलवून नाही म्हणाले, आणि मी खरंच बोलत होते. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर काम करणारी नजमा माझ्या तोंडाजवळ येऊन म्हणाली, "इंदू, तू मिश्री लावतेस."

मिश्री म्हणजे तंबाखूच. ती तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना चोळायची. आमच्या भागात जुन्या बायकांना तिच्याशिवाय सकाळ होत नाही. आणि नुसती सकाळ नव्हे, जेवल्यावर, थकल्यावर, भांडल्यावर, प्रत्येक वेळी डबी उघडते. पण तिला तंबाखू कुणी म्हणत नाही. तंबाखू गडी खातात. बाया दात घासतात.

मी ती सोडली. सोडताना किती दिवस डोकं दुखलं, किती वेळा विनाकारण भांडी आपटली, ते माझ्या नवऱ्याला ठाऊक. तेव्हा वाटलं होतं, आपला हा त्रास आपल्यापुरताच.

लॅबमध्ये नंबरामागचं माणूस आम्हाला सहसा दिसत नसे. कधी दिसलं तर लक्षात राहायचं. एक म्हातारे शेतकरी नमुना घेणाऱ्या माणसाची वाट न बघता स्वतःच डाळिंबं घेऊन आले होते. टोपलीत केळीचं पान आणि प्रत्येक डाळिंबाला हळदीकुंकू लावलेलं. "बागेचा पयला बार हाय," ते म्हणाले, "मालकिनीनं पूजा करूनच धाडलंय." मॅडमना हसावं की रागवावं कळेना. ही फळं तपासता येणार नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "देवाचं लावलंय, त्यात कुठलं आलंय इख?" शेवटी आमचा माणूस त्यांच्या बागेत जाऊन दुसरी फळं घेऊन आला. टोपलीतली त्यांनी परत नेली नाहीत. प्रसाद परत न्यायचा नसतो म्हणाले. गेटवरच्या वॉचमनने खाल्ली.

दुसऱ्या एकाने झाडपाल्याचा अर्क म्हणून एक बाटली विकत घेतली होती. वर कडुलिंबाच्या पानाचं चित्र. त्याच्या फळांत भलतीच औषधं निघाली, आणि बाटली तपासल्यावर तीच बाटलीत निघाली. तो माणूस बाटली मांडीवर घेऊन पायरीवर बराच वेळ बसून राहिला. मी दोनदा दारापर्यंत गेले, पाणी विचारावं म्हणून. बोलणं जमलं नाही. त्याचं पुढे काय झालं, कळलं नाही. पाणी तरी द्यायला हवं होतं, असं अजून वाटतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

पेरूचा हंगाम होता. ऑफिसात चहा देणारा माणूस आला नव्हता, म्हणून नजमाने ट्रे माझ्या हातात दिला. मॅडमसमोर एक शेतकरी बसले होते. नाव भानुदासदादा, पारनेरकडचे. गळ्यात तुळशीची माळ, हातात आमच्या लॅबचा कागद.

"मॅडम, ह्ये निकोटिन म्हंजी काय?"

"तंबाखूत असतं ते."

"तंबाखू?" दादा खुर्चीतून उठलेच. माळ पुढे ओढून म्हणाले, "ही बघा. सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाई मी. बागेत बिडी पेटवली म्हनून सख्ख्या मेव्हन्याला बांधाबाहेर काढलाय."

"फवारणीत तंबाखूचा काढा वगैरे?"

"आवो, फळ लिंबाएवढं हुतं तवापास्नं फोमच्या जाळीत हाय, वरून पिशवी हाय. फवारा लागंलच कसा? पिशवीत शिरून तंबाखू मळतंय कोन?"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "पिशवी घालतं कोण?"

"बाया."

"आणि काढतं?"

"त्याच. पाथर्डीकडली टोळी हाय. पन सगळ्या बाया हाईत वो. बाया कुठं तंबाखू खात्यात?"

पाथर्डीकडची, पेरूच्या पिशव्या घालणारी टोळी मला ठाऊक होती. तिची मुकादम माझी रखमाआत्या.

दादा पुन्हा बसले. आवाज खाली आला. "ह्यो पयल्या तोड्याचा माल हाय. बाग अजून निम्मी झाडावर हाय. यापारी म्हनतो, पुढला नमुना पास झाला तर उचलतो, न्हाईतर बागेकडं फिरकत न्हाई. तुमी फकस्त सांगा, बायांमुळं झालं का? तसं असंल तर आजच टोळी बदलतो."

मॅडम म्हणाल्या, "ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पण हात बघा. ज्यांचे ज्यांचे हात फळाला लागतात, ते सगळे."

मी चहा ठेवला आणि बाहेर आले.

रखमाआत्याबद्दल सांगितलं पाहिजे. चौथीपर्यंत तरी मी शाळेत गेले ती तिच्यामुळे. दर हिवाळ्यात आई-बाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा भावजयीशी भांडून तिने मला गावात ठेवून घेतलं होतं. पुढे ती स्वतः कितीतरी वर्षं तोडीला गेली. मोळ्या वाहून मान एका बाजूला कलली. मग कुणाकडून तरी पेरूच्या पिशव्या घालायचं काम शिकली आणि आपल्याच गल्लीतल्या बायांची टोळी केली. या कामात डोक्यावर मोळी नाही, पाचटाने पाय कापत नाहीत, सावलीत उभं राहून बोटांनी करायचं. "इंदे, ह्ये म्हंजी देवाच्या घरचं काम हाय गं," ती म्हणायची. ही बाग हातची गेली आणि टोळीचं नाव खराब झालं, तर त्या सगळ्या पुन्हा कोयता उचलणार होत्या. मी बोलले तर दादा त्यांना काढणार, गप्प बसले तर पुढचा नमुनाही नापास होणार आणि तरीही त्या घरी जाणार. भांडी घासताना मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हीकडून आत्याच बाहेर पडताना दिसली.

दुपारी मॅडम हात धुवायला आल्या तेव्हा मी नळाकडे बघत म्हणाले, "मॅडम, बाया मिश्री लावतात."

त्यांनी नळ बंद केला. "मिश्री! माझी आजी लावायची. मी लहानपणी तिची डबी लपवून ठेवायचे. हातावरून आलंय इतकं कळत होतं, पण हे डोक्यातच आलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला कसं माहीत, याच टोळीचं?"

आत्याचं सांगितलं. त्यांनी हात कोरडे केले. "मावशी, मग दोन गोष्टी. त्या बागेचा पुढचा नमुना तुम्ही चिरायचा नाही. त्या खोलीत यायचंसुद्धा नाही. आणि रिपोर्ट काय आला ते मला विचारायचं नाही."

"आणि आत्याला सांगितलं तर चालेल?"

"मिश्री फळाला लागू नये, हे तर तुम्ही कुणालाही सांगू शकता. रस्त्यावरच्या बाईलासुद्धा."

सुट्टीच्या दिवशी एसटीने आणि पुढे चालत मी बागेवर गेले. बाया जेवून बसल्या होत्या. नेमक्या सगळ्यांच्या डब्या उघड्या. डावा तळहात, उजवं बोट, आणि त्याच बोटांनी घटकाभराने पेरू धरायचे. मला हसू आलं नाही.

"आली का लॅबवाली!" टोळीतली सुमन ओरडली. ती वयाने सगळ्यांत लहान आणि जिभेने सगळ्यांत मोठी. "पांढरा झगा कुठं ठिवला, मावशी?"

मी आत्याशेजारी बसले आणि खाली बघूनच सगळं सांगितलं. काय सापडलं, कुठून आलं असेल, पुढचा नमुना नापास झाला तर काय होईल. जन्मात एवढं सलग बोलले नव्हते.

आत्या भडकली. "म्हंजी आमच्या हाताला इख लागलंय व्हय गं? आजवर ह्याच हातानं तुला भाकरी चारली, तवा न्हाई लागलं?"

"आत्या, तसं नाही…"

"मिश्री म्हंजी काय तंबाखू हाय व्हय? तव्यावर जाळून कोळसा केल्याला आसतोय. कोळशात काय ऱ्हातंय?"

मी म्हणाले, "काही राहत नसेल, तर सकाळी लावली नाही की तुझं डोकं का दुखतं?"

सुमनने टाळी वाजवली. "घ्या मुकादमीनबाई! द्या आता जवाब."

आत्याने डबी मिटली, मग उघडली, मग आपल्या बोटाकडे बघत राहिली. बोटाचं टोक काळपट झालेलं होतं. हळूच म्हणाली, "कुनाकुनाच्या लेकरानं खाल्लं आसंल गं. लोकांच्या लेकरांच्या तोंडात माझं बोट गेलं म्हन की."

टोळीत सगळ्यांत वयस्क गयाबाई. ती म्हणाली, "आन आता दादाला कोन सांगनार? बाप्या मानसाला जाऊन सांगायचं, आमी बाया मिश्री लावतो म्हनून? त्यापरीस घरी गेलेलं बरं."

"मी सांगती," आत्या उठली.

"काढून टाकंल त्यो."

"चोरून ऱ्हायलो आन मागनं काढलं, तर परत कुठली बाग उभं करंल? सांगून निघालो तर निदान नाव तरी ऱ्हाईल."

दादा विहिरीपाशी पंप बघत होते. मी पंपघराच्या भिंतीआड उभी राहिले, पुढे जायचं धाडस झालं नाही. आत्याने पदर सारखा केला आणि एका दमात सांगितलं. दादा आधी समजलेच नाहीत. समजल्यावर लाल झाले.

"मिश्री? आवो रखमाबाई, मी कोर्टकचेरी करायची बाकी ठिवली! शेजाऱ्याशी भांडलो, दुकानदाराला शिव्या दिल्या, आन ह्ये तुमच्या डबीत हुतं? चला, गोळा करा सामान."

"करतो," आत्या म्हणाली. "पन दादा, एक इचारू? दुपारच्याला तुमची आई बागेत येती. पिशव्या नीट बसल्यात का, म्हनून एकेक फळ चाचपून बघती. तिच्या कमरंला डबी आसती, ती कशाची?"

दादांनी घराकडे वळून बघितलं. घराच्या ओट्यावर त्यांची आई बसलेली इथूनही दिसत होती. माळकऱ्याच्या घरात रोज डोळ्यांसमोर चाललेलं, आणि त्यांच्या नजरेला कधी तंबाखू म्हणून पडलंच नव्हतं.

मग दादा हसले. हसू आवरेना म्हणून उपरण्याने डोळे पुसले. "सख्खा मेव्हना काढला बिडीपायी, आता आईला काढू काय?"

टोळी राहिली. पण दादा चोख माणूस. म्हणाले, दुसऱ्या तपासणीचा खर्च निम्मा माझा, निम्मा तुमचा, कारण हात दोन्हीकडचे. ते खरंच होतं. पण टोळीला पैसे हंगामाच्या शेवटी मिळतात. तो निम्मा भाग माझ्याकडून गेला. डासांची कॉईल लावता येत नाही म्हणून मी खिडक्यांना जाळी बसवायला पैसे साठवले होते, ते आत्याच्या हातात दिले. ती घेईना. "उसने म्हणून घे," म्हटल्यावर घेतले. "पै न पै फेडीन," म्हणाली. त्या वर्षी आमच्या घरी डासांनी मेजवानी केली.

खरं अवघड पुढे होतं. हातमोजे दिले तर पहिल्याच दिवशी सगळ्या वैतागल्या. फोमची जाळी बोटांच्या टोकांनी ताणून फळावर चढवायची असते, मोज्यात बोट आंधळं होतं. सुमनने सुचवलं, मिश्री डाव्या हाताने लावायची. पण पेरूला दोन्ही हात लागतात. शेवटी आत्यानेच तोड काढली. बांधावर एक मोठी बाभूळ होती. सकाळी बागेत शिरण्याआधी प्रत्येकीने आपली डबी चिंधीत बांधून तिच्या फांदीला टांगायची. खाली बादली, साबण आणि नखं घासायला काथ्या. ज्या बाईला राहवणार नाही तिने बाभळीखाली यायचं, लावायचं, चूळ भरायची, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग आत जायचं. आधी घातलेल्या जाळ्यासुद्धा धुतल्या हातांनी बदलल्या.

मी पुढच्या सुट्टीला गेले तर बाभळीला डब्या लोंबकळत होत्या. एखाद्या देवाच्या झाडाला नवसाच्या चिंध्या बांधाव्यात तशा. पितळेच्या, पत्र्याच्या, एक औषधाच्या गोळ्यांची. सगळ्यांत खालच्या फांदीला चांदीचं झाकण असलेली. ती दादांच्या आईची. वर हात पोचत नाही म्हणून त्यांना खालची फांदी दिली होती.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"मरन हाय," सुमन म्हणाली. "काल मुकादमीनबाईंनी पेरूला शिव्या घातल्या. मानूस सापडंना म्हनून."

"तुझ्यावानी टिवल्याबावल्या करून डोकं थांबत न्हाई माझं," आत्या बडीशेप चघळत म्हणाली. पण बांधापर्यंत जाऊन, चूळ भरून, हात घासून यायचा कंटाळा मोठा. मला ते आधीच माहीत होतं, माझंही तसंच सुटलं होतं. रोजच्या फेऱ्या कमी होत गेल्या. सगळ्यांच्या नाही. गयाबाईला जमलं नाही. एका सकाळी ती आपली डबी झाडावरून काढून गावाकडे निघून गेली. जाताना कुणाशी भांडली नाही. "माझं आता वय न्हाई गं," एवढंच म्हणाली. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं. एवढ्या वयाला तिला दुसरं काम कुठलं मिळणार?

दुसरा नमुना आला त्या दिवशी मॅडमनी मला दिवसभर बाटल्या घासायला बाहेर बसवलं. पिशवीवर नंबर होता, पण मला बाहेर बसवलं म्हणजे तोच नमुना, हे कळायला शाळा लागत नाही. दाराच्या काचेतून नजमाची पाठ दिसत होती. ती चिरत होती. चार फोडी, समोरासमोरच्या दोन. मला वाटत होतं ओरडून सांगावं, नजमे, सुरी नीट घासलीस ना? पण नजमा माझ्यापेक्षाही किरकिरी. बाटल्या त्या दिवशी मी इतक्या घासल्या की मॅडम म्हणाल्या, "मावशी, काच झिजेल."

रिपोर्ट तयार व्हायला काही दिवस गेले, तोवर मी बाहेर बाटल्याच घासत होते. मॅडमच्या तोंडावरून काही कळायची सोय नव्हती. त्या रोजच्यासारख्या यायच्या, रोजच्यासारख्या जायच्या. मी विचारलं नाही.

एके दिवशी डबा खाताना आत्याचा फोन आला. मागे सगळ्या बायांचा गलका.

"इंदे! कागद आला. दादानं वाचून दावला. त्यात लिवलंय, आडळलं न्हाई."

मी डबा बाजूला सरकवला.

"पन मला सांग," आत्या म्हणाली, "न्हाई म्हंजी आजाबात न्हाई, का हाय पन दिसलं न्हाई?"

हा प्रश्न मी मॅडमना एकदा विचारला होता, म्हणून उत्तर येत होतं. "आत्या, यंत्राला दिसेल इतकंसुद्धा नाही."

"मग पुरं झालं. आमच्या डोळ्यापरीस त्येचा डोळा बारीक."

मग फोन सुमनने घेतला. "मावशी, दादाच्या आईनं डबी हिरीत टाकली! दादानं काढायला गडी उतरवला, चांदीचं झाकन हाय म्हनून!"

मी इतकी हसले की नजमा बघायला आली. संध्याकाळी मॅडमनी मला पुन्हा नमुन्याच्या खोलीत घेतलं. "उद्यापासून सुरी तुमची," म्हणाल्या. एवढंच.

दादांची उरलेली बाग व्यापाऱ्याने उचलली. पुढच्या हंगामात त्यांनी आत्याच्याच टोळीला बोलावलं, आणि शेजारच्या दोन बागवाल्यांनीही. त्यांनी आत्याला आधी विचारलं म्हणे, तुमची ती झाडाला डब्या टांगायची पद्धत आमच्याकडं पण करणार का? आत्याने त्यांना ऐकवलं, "करू. पन आधी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या मोजून ठिवा."

उसने पैसे त्या बाया थोडे थोडे करून द्यायच्या. कधी दादांच्या पेरूच्या गाडीबरोबर निरोप आणि नोटा, कधी सुमनबरोबर. मी कधी मागितले नाहीत. मागणं मला जमलंही नसतं.

शेवटचे पैसे द्यायला आत्या स्वतः आली. सकाळी आमची गाडी लॅबच्या गेटाशी थांबली तर ती तिथे कडुलिंबाखाली उभी. मान एका बाजूला, डोक्यावर नवा पदर. तिने कमरेची डबी काढून माझ्या हातात ठेवली. तिची जुनी पितळेची डबी, चिंचेने घासून लखलखीत केलेली. उघडली तर आत नोटा, बारीक घड्या करून बसवलेल्या.

"मोजून घे," ती म्हणाली.

"आणि मिश्री?"

"डबीत जागा न्हाई ऱ्हायली तिला."

वॉचमन बघत होता म्हणून मी पाठ फिरवून मोजले. पुरे होते. नोटा जेवणाच्या पिशवीत ठेवल्या. आत्या चहालाही थांबली नाही. बागेवर बाया खोळंबल्यात म्हणाली आणि पुण्याकडून येणाऱ्या एसटीला हात करत निघाली.

मी डबी नाकाशी नेली. एवढी घासूनही आत जुना वास होता, थोडासाच. तो वास घेऊन मला माझ्या खोलीत जाता आलं नसतं. मी ती रुमालात बांधली, गेटाबाहेरच्या कडुलिंबाला टांगली, कोपरापर्यंत हात धुतले आणि आत जाऊन सुरी घेतली.